पाण्यात नसलेली बदकं

अंड्यांचं टोपलं दिसलं की ती घटना आजही आठवते. पोलिसांतल्या नोकरीत खून पुष्कळ पाहिले. पण स्वतः केलेला खून इतक्या थंडपणे घरच्याच बाईच्या गळ्यात अडकवणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

तेल्हारा तालुक्यातलं गाव. एका जोडप्याने शेततळ्यात मासे सोडले होते आणि सोबत अंड्यांसाठी बदकं पाळली होती. काठाला खांब रोवून खुराडं पाण्यावरच बांधलेलं. विष्ठा खाली पडायची, त्यावर मासे पोसायचे. मासे नवरा बघायचा, बदकं बायको. एका सकाळी नवरा त्याच तळ्यात बुडून मेलेला सापडला. आम्ही पोचलो तेव्हा खुराड्याला कडी होती आणि आतल्या बदकांनी असा गोंगाट मांडला होता की पंचांचं बोलणं ऐकू येईना. मीच वैतागून हवालदाराला म्हटलं, "सोडा हो आधी त्यांना." दार उघडताच बदकं धडाधड पाण्यात उतरली. आत गवतावर अंडीच अंडी होती.

"सायेब, इथं तं आमलेटचं दुकान निघते," हवालदार म्हणाला. मी त्याला दटावलं.

आकस्मिक मृत्यूची नोंद घेतो न घेतो तोच ठाण्यात निनावी फोन आला. "अपघात नाई तो. त्याच्या बायकोले विचारा." नवराबायकोचं बाजाराच्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं, ते अख्ख्या गावाने ऐकलं होतं. दुपारी मृताचा धाकटा भाऊ जबाब द्यायला आला आणि मागोमाग गाव. बाईला अटक केल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही, म्हणून लोक ठाण्याच्या फाटकाशी ठाण मांडून बसले. चौकशीला आणलेली बाई आत महिला अंमलदाराजवळ बसली होती. "म्या नाई केलं," एवढंच म्हणत होती. तसं तर सगळेच म्हणतात.

दिराचा जबाब मात्र अगदी रेखीव होता. "उजाडता उजाडता म्या वावरात चाललो होतो सायेब. दादा अन् वैनी काठावर भांडून राहिले होते. बदकं पोहून राहिली होती. तिनं दादाले धक्का देल्ला."

"बदकं पाण्यात होती?"

"हाव. सारीच्या सारी."

"मग आम्ही आलो तेव्हा खुराड्याला कडी कशी?"

"तिनंच हाकलून कोंडली असतीन."

उत्तर तयार होतं. बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. आणखी तासाभरात त्या बाईला अटक दाखवावी लागली असती, आणि एकदा गुन्हा लागला की सुटायला वर्षं जातात. मी तिच्याकडे गेलो.

"बदकं केव्हा सोडता?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "नवाच्या सुमाराले. अंडी देऊन झाली का मंग."

"आणि पहाटेच सोडली तर?"

"तं पाण्यातच घालतात, अन् मंग सांजेपर्यंत हाकलली तरी खुराड्यात येत नाईत. तळाले गेलेलं अंडं कोन काढते, सायेब?"

मी जागीच थांबलो. ती अंडी मी माझ्या डोळ्यांनी गवतावर पाहिली होती.

परत येऊन मी दिराला जबाब पहिल्यापासून सांगायला लावला. त्याच्या जबाबात बदकं पुन्हा पोहू लागली. मग मी विचारलं, बदकं पहाटेच पाण्यात होती तर अंडी खुराड्यात गवतावर कशी? मारझोडीवर माझा कधीच विश्वास नव्हता. खुर्ची ओढून समोर वाट बघत बसलो. तो फरशीकडे बघत होता. 

"बदकं नवती, सायेब, पाण्यात," तो शेवटी म्हणाला. "दादाच होता."

सामाईक वावरात तळं खोदलं म्हणून वाद होता. पहाटे एकटा गाठून त्याने भावाला ढकललं. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद निसरडा, चढता येईना. भावाने त्याचा सदरा धरला, तर याने झटका मारून सोडवून घेतला, त्यात तो फाटला. फोनही त्याचाच. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, म्हणून त्याने लपवलेला तो फाटका सदरा त्यानेच दाखवलेल्या झुडपातून पंचांसमक्ष जप्त केला.

दीर त्याच घरी जेवायचा. वहिनीने वेचलेली अंडी रोज खायचा. पण ती केव्हा आणि कशी वेचते, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून कोणत्याही घरात तपासाला गेलो की मी आधी विचारायचो, इथली रोजची कामं कोण करतं? मग इतरांचे जबाब घ्यायचो.

दिराचं बाईला सांगितलं. दिवस मावळत होता. गाडीत बसवून घरी सोडायला निघालो, तशी म्हणाली, "घरी नको, तळ्यावर सोडा. तुमी सकाळी बदकं सोडली, आता कोंडाले कोनी नाई."