आखूड आहे, फाटकं नाही

गिड्डक्का उभी आहे की बसली आहे, हे काउंटरच्या पलीकडून कळत नसे. ती माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. कोप्पीकर रोडवरच्या आमच्या साड्यांच्या दुकानात सगळी विक्री तिच्या जिभेवर चाले. 'गिड्ड' म्हणजे कानडीत बुटका. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं आणि तिने ते आवडीने ठेवून घेतलं. बाया दारातूनच ती आहे का विचारत, "गिड्डक्का अदारेन्री?" काउंटरमागून 'या, या' म्हणणारा नुसता आवाज येई, "बर्री, बर्री!"

कापडाच्या ठाणातला उरलेला तुकडा विकताना ती म्हणे, "आखूड आहे, फाटकं नाही." स्वतःबद्दलही तिचं तेच मत होतं.

वयात येऊनही पाळी आली नाही म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कारण कळलं. माणसाच्या पेशीत क्रोमोसोमच्या तेवीस जोड्या असतात. बाईच्या बाबतीत त्यातली एक जोडी दोन एक्सची. गिड्डक्काकडे एकच एक्स होता. त्यामुळे उंची खुंटली, मूल होणार नव्हतं आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवर जन्मभर लक्ष ठेवावं लागणार होतं. दुसरा कुठला क्रोमोसोम अख्खा कमी असेल तर मूल जवळजवळ जगतच नाही, आणि एक्स कमी असला तरी बहुतेक गर्भ पोटातच जातात, असंही डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मला गाडी सुटता सुटता मिळाली की," ही म्हणाली.

घरच्यांनी सगळं झाकायचं ठरवलं. दाखवण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे यायच्या आत तिला उशांवर बसवून वर साडीचा घेर पसरला. चहा आला, बोलणी रंगली, आणि मुलाची आई सहज म्हणाली, "जरा उभी राहा गं." ही उभी राहिली ती आणखीच खाली गेली. "आता पाहिलंच आहे तर ऐका पण," म्हणत तिने एक्सचंही सांगून टाकलं. पाहुण्यांचा चहा तसाच राहिला. पुन्हा तिला कुणी उशांवर बसवलं नाही. हे तिनेच मला पोट धरधरून हसत सांगितलं होतं.

तिच्या हृदयाच्या तपासणीची तारीख मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहायची. नेमकं त्याच दिवशी तिला दुकान सुटायचं नाही. "लग्नसराई आहे, हृदयाला म्हणावं थांब." मी तिला ओढून न्यायची. तरी गेल्या वर्षी त्या रक्तवाहिनीनेच तिला नेलं.

त्याआधीची गोष्ट. माझं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा विद्यानगरच्या घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सासूबाई सांगत, "स्कूटर चालवू नको म्हटलं होतं. वर पपई खाल्ली." ऐकून ऐकून मलाही पटू लागलं होतं. मी अन्न टाकलं होतं. गर्भाच्या तपासणीचा रिपोर्ट गिड्डक्का स्वतः घेऊन आली. डॉक्टरांकडून समजून घेऊन, भर दुपारी, दुकान सोडून. ती थेट स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेली.

"वैनी, पोरीला बोलायचं बंद करा. बाळाला एक एक्स कमी होता. माझ्यासारखाच. स्कूटरवरून एक्स सांडत नसतो."

"तुझं आपलं काहीतरीच! तू जगलीस की."

"मी जगले, ते नाही जगलं. माझ्या वेळी आमच्या आईनं काय खाल्लं होतं, सांगा बघू!"

थोड्या वेळाने सासूबाईंनी माझ्यासाठी मऊ भात कालवून आणला आणि मी खाईपर्यंत शेजारी बसल्या. त्या विषयावर त्या परत बोलल्या नाहीत.

त्या उठून गेल्यावर गिड्डक्का माझ्या पलंगाच्या कडेला चढून बसली. पाय लोंबकळत होते. रिपोर्टची घडी ती पुन्हा पुन्हा घालत होती.

"मुलगी होती गं," ती म्हणाली. मग ती घडी तिने माझ्या उशाखाली सरकवली.

"यायचं होतं की तिनं," ती हळूच म्हणाली. "सगळं समजावून सांगायला मी होते ना."