रेशमी पट्टीतला केस

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त एक खिडकी उजळलेली असते. बाहेर फ्रान्समधल्या सोम नदीवरचं धुकं, लांबून पहिल्या महायुद्धातल्या तोफांचा गडगडाट, आणि खिडकीशी लाकडी चौकटीवर वाकलेली ओनोरीन. चौकटीत जाळीदार रेशमाची लांब पट्टी ताणलेली. तिच्यावर एकच नक्षी पंचवीस वेळा: निळी फुलं, दोन झेंडे, खाली ‘प्रिय आईस’. शनिवारी एजंट पट्टी घेऊन जाई. पॅरिसमध्ये तिचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवत आणि खंदकातले शिपाई ती पोस्टकार्डं विकत घेऊन घरी धाडत.

गावातल्या भरतकामवाल्यांची एक जुनी रीत होती. नवरीच्या झग्याच्या काठात त्या आपला एक केस शिवत. तो केस आपल्याही दारी नवरदेव ओढून आणतो म्हणत. ओनोरीनचा मुलगा बाझील लढाईवर गेला होता आणि एप्रिलपासून बेपत्ता होता. पत्र नाही, प्रेत नाही. तिनं काय करावं? प्रत्येक कार्डातल्या निळ्या फुलाखाली आपला एकेक पांढरा केस भरायला घेतला. कार्डं खंदकात जातील, केस बाझीलला घरी ओढून आणेल.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दार वाजलं. उंबऱ्याशी एक कोवळा इंग्रज शिपाई. पाऊस नव्हता, तरी नखशिखांत भिजलेला. हातात निळ्या फुलांचं कार्ड. तिच्याकडे असा बघत होता, जणू शाळेतून घरी आलाय. “ये, ये, बस,” म्हणत ती पाव आणायला वळली, आणि परत बघते तो दारात नुसतं पाणी.

त्या आठवड्यात आणखी दोघे आले. एकाच्या कोटाला छातीपाशी भोक होतं.

नणंद झेली कॉफी प्यायला आली, तेव्हा तिनं सगळं ऐकलं आणि कप खाली ठेवला.

“वहिनी, काय करून बसलीस! केस तुझा, म्हणजे वाटही तुझ्याच घराची. मेलेली पोरं आपापल्या आयांकडे जायची सोडून इथं येतायत.”

“मग बाझीलही येईल.”

“आणि बाकीच्यांचं काय? तू काय मेलेल्यांची खानावळ उघडलीयस?”

“उघडली. तुम्हाला जेवायला बोलवलंय का, वन्सं?”

झेली हसली नाही. “त्यांच्या आया तिकडे दाराकडे डोळे लावून बसल्यात. तुझ्यासारख्याच.”

हे मात्र ओनोरीनला लागलं. त्या शनिवारची पट्टी तिनं केसाशिवाय दिली. सोमवारी दार वाजलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तिला घराची शांतताच सोसेना. बाझील वळणापर्यंत आला असेल आणि वाट तुटली असेल तर? तिनं वेणी सोडली, एक केस उपटला आणि सुईत ओवला.

लढाई संपली. पोस्टकार्डं कुणी विचारेना, चौकट माळ्यावर गेली. पण वाटेला लागलेले येतच राहिले, कधी महिन्याला, कधी वर्षाला एखादा. ओनोरीन पातेलंभर सूप करी, प्रत्येकाच्या चेहऱ्यात बाझीलचं नाक, बाझीलची हनुवटी शोधी. नाही सापडली की म्हणे, “बस हो, दमला असशील.” कुणी बसलं नाही. सूप शेजाऱ्यांना जाई.

चौदा वर्षं अशी गेली. मग छातीत कफ भरला आणि ती अंथरुणाला खिळली. भर दुपारी, ऊन पडलेलं असताना, गल्लीतून बूट वाजत आले आणि दारापाशी थांबले. उशाशी बसलेल्या झेलीनं आजवर त्यांच्यातला एकही पाहिला नव्हता. तिनं पडदा बाजूला केला. तिचे ओठ पांढरे पडले.

“आपला बाझील नाही तो,” ती कुजबुजली. “वहिनी, कडी लावते मी.”

ओनोरीननं नको म्हणून मान हलवली.

“नसू दे हो, वन्सं. त्याच्या आईला काय सांगणार, दारातून परत धाडला म्हणून? आत घ्या त्याला.”