काकांचा पुदिन्याचा काढा

आमच्या मावशीच्या पायाला भिंगरी आहे. कारखान्याच्या कँटीनमध्ये ती स्वयंपाक करते आणि घरी आल्यावरही ओट्यापासून अंगणापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालूच. जेवतेसुद्धा उभ्यानेच. अंगणात फुटक्या बादल्यांमध्ये पुदिना माजलेला. मी नोकरीसाठी मावशी-काकांकडे राहायला आले आणि त्या पुदिन्याच्या तावडीत सापडले. घसा धरला की त्याची वाफ, डोकं दुखलं की कपाळावर त्याचा लेप, पोट फुगलं की काढा. चटणीत, दह्यात, काकडीवर तो असायचाच. सूपमध्ये मात्र आच बंद केल्यावरच टाकायचा, नाहीतर काळा पडतो, असं बजावत कँटीनमध्ये ती मदतनिसांच्या डोक्यावर उभी राहायची.

काका घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग, एका जागी. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली आणि मावशीने जेवणानंतर काढा सुरू केला. जळजळ वाढली, तशी तिने पानं वाढवली. काका वाळत चालले. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. मावशी घाबरली होती, मला ते दिसत होतं.

एकदा ओट्यापाशी तिने मला गाठलं. "त्यांना काही वाईट तर झालं नसेल ना गं?"

"डॉक्टरांकडे चल की मग."

"आधी काढ्याचा गुण येऊ दे," म्हणत ती पानं खुडायला निघूनही गेली. मला तिचा संताप यायचा.

शेवटी मीच दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घालून तपासलं. भीतीचं काही नव्हतं, पित्त वर येत होतं. घरी काय घेता, असं त्यांनी विचारल्यावर काकांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनेच काढ्याची कृती तोंडभरून सांगितली.

"पोटफुगीला ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण यांच्या जळजळीला उलटा. पुदिन्याने अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडतं, आम्ल आणखी वर चढतं. आजपासून बंद."

घरी येईपर्यंत मावशी आमच्या पुढे झपाझप चालत होती. दारात मात्र वळली.

"अहो, काढ्याने जास्त जळतंय, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं की."

"मग बोलला का नाहीत? वर्षभर मी तुम्हाला विष पाजत राहिले."

काकांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि बाकावर टेकले. "पेला रिकामा होईपर्यंत तू समोर बसायचीस," ते म्हणाले. "एरवी कुठे बसतेस?"

मावशी तरातरा ओट्याकडे निघाली, अर्ध्यातूनच परत आली आणि त्यांच्याशेजारी बसली. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं.