अण्णाच्या वहीतलं दगडफूल आणि निखार

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात होते. घेतलेली भाजी तिथंच राहिली... त्याला आता दीड महिना झाला. सगळे म्हणतात, राग सोड. मला तो सोडायचा नाही.

माझा हा थोरला भाऊ उद्यमबागेत लोखंडाच्या फौंड्रीत साचे करायचा. सुट्टी मिळाली की गुंजीला, आमच्या गावच्या रानात. मसाल्यातलं दगडफूल झाडाच्या सालीवर कसं वाढतं, आणि निखार नावाचा चिमणीएवढा पक्षी तेच कोळिष्टकानं घरट्याला कसं चिकटवतो, हे तो वर्षानुवर्षं बघायचा. वहीच्या डाव्या पानावर दगडफूल, उजव्या पानावर निखार. म्हणायचा, "एक जन्मभर जागा सोडत न्हाय, दुसरा घडीभर एका फांदीवर बसत न्हाय. तरी दोघांचं लई जमतंय बघ गं!"

ओळखीचा एक प्राध्यापक ती वही 'चाळून देतो' म्हणून घेऊन गेला. पुढं त्यातलंच सगळं त्याच्या नावानं पुस्तक होऊन आलं. अण्णाचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. तोवर अण्णाला स्वतःची एक चूक सापडली होती. दगडफुलाशिवाय निखार घरटं बांधत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. लोंढ्याजवळच्या रानात मात्र त्याला नुसते सालीचे कपटे लावलेली घरटी दिसली. तेवढंच सांगायला तो पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला गेला. मी सोबत होते. भरल्या सभेत प्राध्यापक हसून म्हणाला, "फौंड्रीतल्या माणसानं लोखंडाचं बोलावं." सभा हसली... त्यानंतर अण्णा रानात गेला नाही.

तेराव्याला हा गृहस्थ हार घेऊन आला. फोटोला हात जोडले आणि हळूच म्हणाला, "ताई, त्यांची दुसरी वही असेल ना? नवी आवृत्ती काढतोय."

मी वही आणली. घर माणसांनी भरलं होतं. म्हटलं, "पहिलं पान मोठ्यानं वाचा सर. अण्णाला बरं वाटंल."

त्यानं चष्मा लावला. "माझी पहिली वही सर घेऊन गेले, ती परत आली नाही. त्यात माझी एक चूक आहे..." तो वही मिटायला लागला.

"वाचा की. का थांबलासा?"

फौंड्रीतली माणसं उठून दारात उभी राहिली. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी वही त्याच्या हातातून काढून घेतली.

पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "ताई, झालं ते घरातल्या घरात राहू दे."

म्हणूनच हे पेपरात लिहिलं.