शाहिराचं नाव आणि कंपनीचा कोट
१९५८ सालची माले गावची चैत्रातली जत्रा; कबूल रक्कम साठ रुपये; बोलणीला हजर तिघे, आमचा शाहीर, चहाच्या कंपनीचा माणूस आणि जत्रेची वही सांभाळणारा मी. चहाचा नवा पुडा फोडला की त्या वासाबरोबर ती संध्याकाळ उभी राहते. कंपनीच्या अटी दोन होत्या. शाहिराने चहाचं नाव छापलेला पिवळा कोट घालायचा, आणि पोवाड्याच्या शेवटच्या ओळीत तो स्वतःचं नाव गुंफायचा, तिथे चहाचं नाव घ्यायचं. “कोट घालतो, पर माजं नाव न्हाई काढनार,” शाहीर म्हणाला. “दवंडी पिटून स्वतःला मुळशीचा वाघ म्हणवता, मग आमच्या चहाची लाज कसली?” कंपनीच्या माणसाने विचारलं. “वाघाची शेळी निघाली तर लोक मला हानतील. तुमचा च्या पानचट निघाला तर बी मलाच हानायचं व्हय?” साठ रुपये हातचे जातील म्हणून मी त्याला गप्प केलं. तो कोट चढवून उभा राहिला. डफ कडाडला, माणसं झाडांवर चढली. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. त्याने कोट उतरवला आणि स्वतःचं नाव असं ठणकावून घेतलं की सगळ्या गावाने ते उचललं, मीही ओरडलो. कंपनीचा माणूस साठ रुपयांचं पाकीट परत खिशात टाकून उठला, पण कोट घ्यायला थांबला. मग अंथरलेल्या घोंगडीवर लोकांनी पैसे टाकले. मी मोजून एक्केचाळीस रुपये शाहिराला दिले. त्यातले दोन त्याने त्या माणसापुढे धरले, “कोटाचं भाडं, सायेब.” आज सांगायला हरकत नाही, साहेबांनी ते घेतले.