काशीला सोडलेलं तिखट

फोन आला तेव्हा माझ्या हातांत हातमोजे होते आणि खुर्चीवर मोताळ्याकडचे एक आजोबा आ करून बसले होते. पडद्यावर नाव वर्षाचं. वर्षा, म्हणजे आमच्या सुमनमावशींची सून, दवाखान्याच्या वेळात कधी फोन करायची नाही. ती सासूचीच शिस्त. हातमोजे काढून फोन घेतला तर ती एवढंच म्हणाली, "बाई, आत्या गेल्या…" सासूला ती आत्या म्हणायची. मी "बरं" म्हणाले. बरं! ज्या बाईनं एकोणीस वर्षं माझा दवाखाना सांभाळला, ती गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेला शब्द हा. मग परत हातमोजे घातले, आजोबांचा दात काढला, कापूस दाबला आणि पाण्याचा ग्लास घ्यायला सवयीनं हात मागे केला. मागे कुणी नव्हतं. गेले पाच महिने नसायचंच, तरी हात जायचा. आजोबा घाबरून कापसातूनच म्हणाले, "काय झालं बाई, दुसराच काढला काय?" तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

बुलढाण्यात माझा दातांचा लहानसा दवाखाना आहे. मावशी धाडच्या. रोज एसटीनं यायच्या, एसटी चुकली की काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून, पण माझ्या आधी हजर. पहिल्यांदा आल्या त्या मात्र पेशंट म्हणून. मिरच्या तोडायला जाणारी बाई, दाढ ठणकत होती म्हणून आलेली. तोंडात बघितलं तर दात मशेरीनं काळे. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडे कितीतरी बायका ती दातांना घासतात, सकाळी एकदा, मग रानात भूक मारायला आणखी चारदा. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. मी तेव्हा नवी डॉक्टर, डिग्री गरम आणि डोकं त्याहून गरम. मी त्यांना असं झापलं की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "बाई, तुमी लय तडकता. रागावलं की मानूस तोंड मिटते. तुमाले त उघडून पायजे ना?"

पंधरा दिवसांनी परत आल्या. म्हणाल्या, मशेरी सोडली. माझा विश्वास बसला नाही. सोडली म्हणणारे रोज चार भेटतात. पण त्या दर महिन्याला येऊन तोंड दाखवत राहिल्या आणि चट्टा खरंच निवळत गेला. मला झाडलोटीला बाई हवी होती. त्या आल्या, आणि वर्षभरातच झाडलोट मी करायचे की त्या, असा प्रश्न पडावा इतका दवाखाना त्यांचा झाला. शाळा तिसरीपर्यंतची, पण कुठल्या दाढेला कुठला चिमटा लागतो हे माझ्या आधी त्यांना कळायचं. वरचा दात काढला की डोळा जातो, असं इकडे अजून घट्ट धरून बसलेली माणसं आहेत. मी त्यांना नसांची चित्रं दाखवायचे. मावशी चित्राच्या मधे येऊन उभ्या राहायच्या. "दादाजी, माह्ये वरचे तीन काढले बाईनं. तुमच्या धोतराचा काठ कोन्त्या रंगाचा हाये सांगू काय?" माणूस हसायचा, आणि हसायला तोंड उघडलं की माझं काम सुरू.

वर्षाच्या माहेरी एक लग्न होतं, मलाही आग्रहानं नेलेलं. बट्टी, वरण, घोटून केलेली वांग्याची भाजी आणि पत्रावळीच्या कडेला मिरचीचा ठेचा. मी जेवणात रमले होते. मावशींनी मला कोपर मारलं. "समोर पाहा बाई, टोपीवाल्याच्या बाजूचा. ठेचा सारला त्यानं."

"नसेल आवडत."

"आमच्याकडं? ठेचा आवडत नाही असा एक मानूस दाखवा मले."

जेवणं झाल्यावर त्यांनी त्या गृहस्थाला गाठलं आणि गोड बोलून आमच्यासमोर तोंड उघडायला लावलं. तीन बोटं उभी जायला हवीत तिथे दोनसुद्धा जाईनात. गुटख्यानं गाल आतून कडक झाला होता आणि मागे एक लहानशी जखम. वेळेत सापडली, वेळेत काढली. मागच्या उन्हाळ्यात ते स्वतः मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. तिखट खाल्लं की जळजळ होते, हे लक्षण मीही पुस्तकात वाचलं होतं. पण ते पंगतीत बसून शोधायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून लग्न असो, भंडारा असो की तेरवी, मावशींची नजर स्वतःच्या पानावर नसायचीच. जेवण गार व्हायचं, त्यांना पत्ता नसायचा. मी चिडवायचे, "मावशी, लोक पंगतीत सोयरीक बघतात, तुम्ही रोगी बघता."

धाडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र त्यांची माझ्याकडे सुट्टी असायची. सुट्टी कसली! बॅटरी घेऊन त्या भाजीवाल्या बायांच्या ओळीत जाऊन बसायच्या. बाजाराला आलेल्या मजूर बाया, दवाखान्याची पायरी कधी न चढलेल्या. त्यांना त्या दुसरं काही विचारायच्या नाहीत. "ठेचा झोंबते काय वं आजकाल?" एवढंच. झोंबतो म्हटलं की तिथेच पोत्यावर बसवून बॅटरी तोंडात. काही वेगळं दिसलं की दुसऱ्या दिवशी त्या बाईला घेऊन एसटीनं माझ्याकडे. आणि मशेरी सोड म्हणून सांगताना त्यांच्याकडे एकच पुरावा होता, तो म्हणजे त्या स्वतः. गाल फाकवून दाखवायच्या, "पाय, माह्या गालात बी होतं. सोडली, गेलं. तू बी सोड, वाचशील." माझ्या भिंतीवरच्या भीतीदायक तक्त्यांनी कुणी काही सोडलं असेल असं मला वाटत नाही. मावशींच्या त्या गालानं मात्र किती जणींनी सोडली, ते मोजायला त्यांना वेळ नव्हता आणि मला अक्कल नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्या गावातल्या बायांबरोबर काशीला जाऊन आल्या. काशीला गेलं की आवडीचं एखादं खाणं कायमचं सोडून यायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती लोक कशी पाळतात हेही ठाऊक आहे. ज्याला कारलं बघवत नाही तो बरोब्बर कारलं सोडून येतो आणि पुण्यही पदरात पाडून घेतो. मावशी परतल्या आणि दुपारी डबा उघडला तर भाकर दुधात कुस्करलेली. ठेच्याची वाटी नाही. विचारलं तर म्हणाल्या, "तिखट सोडलं बाई, काशीले." मी हसले. म्हटलं, देवाला एवढं आवडीचं देणारी तुम्हीच एक भेटलात. त्यांनीही हसून पदर तोंडाला लावला… आणि मी माझी भाजी-पोळी खाऊ लागले.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले आहेत. मी माझी भाजी-पोळी खाऊ लागले. दुसऱ्या कुणी पंगतीत ठेचा सारला असता तर आम्ही दोघी पान सोडून उठलो असतो. इथे रोज दुपारी, हातभर अंतरावर, धाडची बाई तिखट खात नव्हती आणि दातांची डॉक्टर तिच्या भक्तीचं कौतुक करत होती. करोनापासून दवाखान्यात मास्क असायचाच. मावशी तो घरी जाईपर्यंत उतरवत नसत. जेवतानाही जरा भिंतीकडे वळून बसायला लागल्या होत्या. दर महिन्याला तोंड दाखवण्याचा शिरस्ता कधी बंद पडला ते मला आज आठवतही नाही. घरच्या माणसाला कोण तपासतं?

एके दिवशी पाणी पिताना त्यांच्या ओठाच्या कडेनं ओघळ आला. मी बघत राहिले. जबड्याखाली सूज होती. मी उठून गेले आणि ओरडले, "आ कर!" एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. तोंड एक बोट कसंबसं जाईल इतकंच उघडलं. पुढचं मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणून सांगायची गरज नाही आणि मावशींची मुलगी म्हणून सांगवत नाही, कारण शेवटी शेवटी मी तीच झाले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काशीले जायच्या आधीच झोंबे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पंगतीत कुणी विचारू नये म्हणून त्यांनी देवाचा आडोसा घेतला होता. मी भडकले. सगळ्या तालुक्याची तोंडं बघता आणि स्वतःचं लपवता? मला तरी सांगायचं! त्या खाली बघून, तोंड दुखत असल्यानं थांबत थांबत म्हणाल्या, "बाई, म्या त्याहिले काय सांगतलं? सोडली की वाचते. आता मलेच झालं मनून कयलं त कोन सोडन? उद्या सगळ्या मनतील, सुमननं सोडून काय झालं… आन डबी घेतील हातात. मनून मनलं, जितके दिवस झाकते तितके झाकू." मग त्यांनी माझा हात धरला. "बाजारात सांगू नका. शपथ हाये माही."

मी शपथ घेतली. तेव्हा मला फक्त त्यांना गाडीत घालून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यासाठी मी काहीही कबूल केलं असतं. ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांना नीट बोलता आलं नाही. पाच महिने त्या आतल्या खोलीतच, गावातल्या कुणाला तोंड न दाखवता, नळीनं पातळ घेत होत्या, आणि भेटायला गेलं की डोळ्यांनी एकच विचारायच्या. मी मान हलवायचे… नाही सांगितलं.

त्या गेल्या तेव्हा गावात अटॅक आला असंच सांगितलं गेलं. तेराव्यालाही कुणी खरं सांगितलं नाही. घरी परतताना माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं. शपथ पाळली तर त्या बाया मशेरी सोडतील, पण सोडल्यावर आपण सुटलो असं समजून तोंड दाखवायच्या थांबतील, नेमक्या मावशींसारख्या. शपथ मोडली तर… मावशींना जी भीती होती ती खरी ठरेल. त्यांच्या मुलाला, गजाननला, विचारलं. तो म्हणाला, "माय मने तसं आमी केलं, बाई. आता तिच्यापेक्षा त्या बायाइचं पाहा." हा लेखही मी त्याला आणि वर्षाला विचारूनच लिहीत आहे.

पुढच्या बाजाराला मी दवाखाना बंद ठेवून धाडला गेले. भाजीवाल्यांच्या ओळीत कांदेवाली आणि वांगीवाली यांच्या मधे एक रिकामं पोतं अंथरलेलं होतं. बाजाराच्या दिवशी तिथे हातभर जागेसाठी भांडणं होतात, आणि इथे एक माणूस मावेल एवढी जागा तशीच. वांगीवाली शेवंताबाई म्हणाली, "मावशीची हाये. कोनाले बसू नाही देत." मी त्या पोत्यावर बसले. आजूबाजूच्या पाचसहा जणी सरकून आल्या. मावशी कशानं गेल्या हे मी सांगितलं. मशेरीपासून, चट्ट्यापासून, काशीपासून… सगळं.

एक जण उठून निघून गेली. मग कांदेवालीनं नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याच्या भीतीनं मावशी दोन वर्षं मास्कमागे राहिल्या. "सोडून बी झालंच, त मंग सोडायची कायले?"

मी गाडीत त्याचं उत्तर चार वेळा घोकलं होतं. सोडल्यानं धोका कमी होतो, संपत नाही, म्हणून नंतरही तोंड दाखवत राहावं लागतं. ते मी सांगितलंही, पण मला स्वतःलाच ते भिंतीवरच्या तक्त्यासारखं वाटलं. शेवटी म्हटलं, "वेळेत दाखवलं असतं तर आज इथे मी नसते, त्याच बसल्या असत्या."

शेवंताबाईनं वांग्यांवर ओला फडका टाकला. कुणाकडेही न बघता म्हणाली, "आमचं ती पाहे. तिचं कोन पाहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मी पाहायचं होतं. मी नाही पाहिलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही मला बोलणार, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्यापुढे उकिडवी बसली, कमरेचा मोबाईल काढून त्याचा लाइट लावला. "मंग तुमचं कोन पायते, बाई?"

मी मान हलवली, कुणी नाही.

"आ करा."

एवढ्या वर्षांची दातांची डॉक्टर, मी भर बाजारात पोत्यावर बसून तोंड उघडलं. शेवंताबाईनं माझी हनुवटी धरून डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, जीभ वर करायला लावली, अगदी मावशी करायच्या तशी, घाई न करता. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिनं न पाहिल्यासारखं केलं. "सफा हाये," ती म्हणाली. मग तिनं मोबाईल माझ्या हातात दिला, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि स्वतः आ केला.