ओढ्यावरचं माझं घर

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला कुणी बोलायला बोलावलं, तर तो अंथरुणातूनही उठून जातो. मी तर ठणठणीत होतो. पूर ओसरून महिना झाला होता आणि आमच्या कृष्णाकाठच्या गावात रोज भांडण होतं. एक गट म्हणे, वरच्या धरणानं पाणी उशिरा सोडलं. दुसरा म्हणे, खालच्या धरणानं अडवलं. ग्रामसभेच्या आधी सरपंच माझ्याकडे आले. "सर, तुमी जरा शास्त्रीय बोला. लोकांची डोकी थंड हुतील."

मी इस्लामपूरला जाऊन रंगीत तक्ते छापून आणले. समुद्र का तापतो, महिन्याचा पाऊस चार दिवसांत का कोसळतो, असं पाऊण तास बोललो. दोनदा आवाज जड करून 'आपण सारेच जबाबदार आहोत' असंही म्हणालो.

मी बसताच सरपंच उठले. "ऐकलं न्हवं? सगळ्या जगाचंच हवामान बिघडलंय. तितं ग्रामपंचायत काय करणार? पुढचा विषय घ्या."

टाळ्या पडल्या. मी हात जोडून त्या स्वीकारल्या.

तेवढ्यात खालच्या आळीतल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं होतं, दोन शेळ्या वाहून गेल्या होत्या.

"गुर्जी, पाऊस लय झाला, त्ये खरंच. पर नदी उतरली तरी आमच्या आळीतलं पाणी आठ दिस हाललं न्हाई. वढ्यानं जायाचं त्ये. वढा बुजवला कुणी? त्यो बी जगानंच?"

लोक हसले. मी म्हणालो, "हा स्थानिक नियोजनाचा मुद्दा झाला."

"आवं, तुमचं घर त्याच भरावावर हाय न्हवं?"

होतं. नकाशात ओढा कसा ओळखावा हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. स्वतः प्लॉट घेताना मात्र नदी छान दिसते एवढंच पाहिलं. प्लॉट पाडले होते सरपंचांच्या मेहुण्यांनी.

मी आधी पाणी मागवलं. ते सावकाश प्यायलो. मग म्हणालो, "बाई बरोबर बोलतायत. असा पाऊस पुन्हा येणार, म्हणून तर ओढा मोकळा पाहिजे. माझ्या कुंपणाची भिंत आड येते."

सरपंच कानाशी कुजबुजले, "सर, घरी बोलू की." पण हात वर झाले होते. ठराव झाला.

घरी बायको म्हणाली, "व्याख्यान द्यायला गेलात आणि भिंत देऊन आलात."

पुढच्या आठवड्यात भिंत पडली, परसातला भराव उपसला, त्यात पेरूचं झाडही गेलं. ओढा माझ्या परसापर्यंत मोकळा झालाय. त्यापुढे मेहुण्यांचे प्लॉट आहेत आणि काम तिथंच थांबलंय. आता त्या बाई आणि मी दर सोमवारी एसटीनं तालुक्याच्या कचेरीत जातो. बोलायचं काम त्या करतात. मी कागद धरतो.